रायफल दुर्बीण

रायफल दुर्बीण हे रायफल किंवा एअर रायफलीवर बसवून नेम धरण्यासाठी वापरले जाणारे प्रकाशीय उपकरण आहे. नेमबाजांच्या बोलण्यात त्यास ‘स्कोप’ असे म्हणतात. साध्या बंदुकीवर नेम धरताना मागील खाच, पुढील माशी आणि लक्ष्य या तीन वेगवेगळ्या अंतरांवरील वस्तू एकाच रेषेत आणाव्या लागतात. डोळा मात्र एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होऊ शकतो. दुर्बिणीत लक्ष्याची प्रतिमा आणि नेमाची खूण एकाच प्रतलात दिसते. त्यामुळे लक्ष्य मोठे दिसण्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, हा दुसरा लाभ महत्त्वाचा मानला जातो.

दुर्बीण रायफलीची अचूकता वाढवत नाही. नळी, काडतूस आणि नेमबाज यांच्या अंगी असलेली अचूकता ती फक्त उपयोगात आणून देते. चुकीची निवड, सैल बसवणूक किंवा निगेतील हयगय यांमुळे उत्तम दुर्बीणही निरुपयोगी ठरते. कोकणपट्टीतील अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर यांसारख्या दमट हवेच्या भागांत निगेचा प्रश्न विशेष गंभीर असतो, कारण तेथे पावसाळ्यात भिंगांवर बुरशी चढण्याचा धोका मोठा असतो.

## इतिहास

बंदुकीवर दुर्बीण बसवण्याचे उपयुक्त प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाले. अमेरिकेत जॉन चॅपमन आणि मॉर्गन जेम्स यांनी १८३५ ते १८४० च्या सुमारास नळीइतकी लांब दुर्बीण तयार केली. १८५५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथील विल्यम माल्कम यांनी वर्णदोष कमी करणारी भिंगे वापरून या रचनेत सुधारणा केली.

या इतिहासाचा एक धागा मुंबई इलाख्याशी जोडलेला आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी डेव्हिड डेव्हिडसन यांनी रायफलीसाठी आखूड दुर्बीण विकसित केली. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेकडील सैन्याच्या निवडक नेमबाजांनी वापरलेल्या व्हिटवर्थ रायफलींपैकी काहींवर हीच दुर्बीण डाव्या बाजूस बसवलेली होती.

१८८० मध्ये ऑस्ट्रियातील ऑगस्ट फीडलर यांनी व्यवहारोपयोगी दुर्बीण बनवली. १९३० मध्ये विल्यम वीव्हर यांनी अमेरिकेत सर्वसामान्यांना परवडेल अशी दुर्बीण बाजारात आणली. त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी बैठक आजही वापरात आहे. १९३५ मध्ये जर्मनीतील झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तनरोधक लेप शोधून काढला. १९४७ मध्ये अमेरिकेतील ल्युपोल्ड कंपनीने नळीतील हवा काढून तीत नायट्रोजन भरण्याची पद्धत आणली, त्यामुळे आतून धुके धरण्याची जुनी तक्रार बऱ्याच अंशी दूर झाली.

## रचना

दुर्बिणीच्या पुढील टोकास वस्तुभिंग आणि डोळ्याकडील टोकास नेत्रभिंग असते. वस्तुभिंगातून मिळणारी प्रतिमा उलटी असते. मधल्या नळीतील उत्थापक भिंगे ती सुलटी करतात. विशालन बदलता येणाऱ्या दुर्बिणींत हीच भिंगे मागेपुढे सरकतात. नेमाची खूण, म्हणजे जालिका, प्रतिमा तयार होते त्या प्रतलात बसवलेली असते. ती पूर्वी बारीक तारांची असे. आता बहुधा काचेवर कोरलेली असते.

नळीच्या मध्यावर दोन फिरक्या असतात. वरची फिरकी नेम वर-खाली हलवते, तर उजवीकडील फिरकी डावीकडे-उजवीकडे हलवते. काही दुर्बिणींत डावीकडे तिसरी फिरकी असते. ती लंबनदोष दूर करण्यासाठी वापरतात. प्रत्येक फिरकी ठरावीक टप्प्यांनी फिरते आणि प्रत्येक टप्प्यास ‘टक्’ असा आवाज होतो. या टप्प्यास क्लिक म्हणतात.

## आकड्यांचा अर्थ

दुर्बिणीवर ‘४×३२’ असे लिहिलेले असल्यास विशालन ४ पट आणि वस्तुभिंगाचा व्यास ३२ मिमी असतो. ‘३-९×४०’ याचा अर्थ विशालन ३ ते ९ पटींमध्ये बदलता येते आणि वस्तुभिंग ४० मिमी व्यासाचे आहे.

वस्तुभिंगाच्या व्यासास विशालनाने भागले असता निर्गम झोताचा व्यास मिळतो. दुर्बिणीतून बाहेर पडून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची ही जाडी असते. ४० मिमी वस्तुभिंग ४ पटीस १० मिमी झोत देते, तर १० पटीस केवळ ४ मिमी. मानवी बाहुली उजेडात २ ते ३ मिमी आणि अंधारात सुमारे ७ मिमीपर्यंत उघडते. म्हणून दिवसा ४ मिमी झोत पुरतो, परंतु संधिप्रकाशात विशालन कमी केल्यास चित्र अधिक उजळ दिसते. रुंद झोताचा आणखी एक फायदा म्हणजे डोळा किंचित हलला तरी दृश्य नाहीसे होत नाही.

क्लिकचे मूल्य दोन पद्धतींनी सांगतात. पहिल्या पद्धतीत कोनीय मिनिट हे एकक वापरतात. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कोनीय मिनिट. तो १०० मीटरवर सुमारे २९ मिमी व्यापतो. दुसऱ्या पद्धतीत मिलिरेडियन किंवा ‘मिल’ हे एकक असते. ते १०० मीटरवर बरोबर १०० मिमी, म्हणजे १० सेंमी व्यापते. मीटरमध्ये विचार करणाऱ्यांस दुसरी पद्धत सोपी जाते.

| अंतर | पाव कोनीय मिनिटाचा एक क्लिक | ०.१ मिलचा एक क्लिक |
|---|---|---|
| १० मीटर | ०.७३ मिमी | १ मिमी |
| २५ मीटर | १.८२ मिमी | २.५ मिमी |
| ५० मीटर | ३.६४ मिमी | ५ मिमी |
| १०० मीटर | ७.२७ मिमी | १० मिमी |
| २०० मीटर | १४.५ मिमी | २० मिमी |

## निवड

### उपयोग आणि अंतर

निवडीचा पहिला निकष किंमत किंवा विशालन हा नसून दुर्बीण कोणत्या शस्त्रावर, किती अंतरासाठी आणि कोणत्या प्रकारच्या नेमबाजीसाठी हवी आहे, हा आहे. १० ते ५० मीटरच्या सरावासाठी ४ पट स्थिर किंवा ३ ते ९ पट बदलते विशालन पुरेसे असते. अधिक विशालनाने लक्ष्य मोठे दिसते, पण हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा दिसतो, दृष्टिक्षेत्र अरुंद होते आणि उन्हाळ्यात जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेच्या लाटा प्रतिमा थरथरवतात. नवशिक्यांनी अतिविशालनाची दुर्बीण घेणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे.

### लंबनदोष

भिंतीवरच्या घड्याळाकडे बाजूने पाहिल्यास काटा पुढच्या किंवा मागच्या मिनिटावर असल्याचा भास होतो, कारण काटा आणि तबकडी एका प्रतलात नसतात. लक्ष्याची प्रतिमा जालिकेच्या प्रतलात पडत नसेल तर दुर्बिणीतही हेच घडते. डोळा हलवला की खूण लक्ष्यावर सरकते. यास लंबनदोष म्हणतात.

मोठ्या काडतुसाच्या रायफलींसाठी बनवलेल्या पुष्कळ दुर्बिणी सुमारे १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर, लंबनमुक्त केलेल्या असतात. अशी ४० मिमी वस्तुभिंगाची दुर्बीण १० मीटरच्या लक्ष्यावर वापरली आणि डोळा झोताच्या अगदी कडेला असला, तर नेमात सुमारे १८ मिमीपर्यंत फरक पडू शकतो. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यपत्रावरील दहा गुणांचा ठिपका ०.५ मिमी व्यासाचा असतो, हे लक्षात घेता हा दोष किती मोठा आहे ते कळते. म्हणून एअर रायफलीसाठी १० मीटरपर्यंत जुळवता येणारी लंबनफिरकी किंवा वस्तुभिंगावरील जुळवणीचे कडे असलेली दुर्बीण निवडणे आवश्यक असते.

### धक्का सहन करण्याची क्षमता

स्प्रिंगवर चालणारी एअर रायफल सौम्य असल्याने तिच्यावर कोणतीही स्वस्त दुर्बीण चालते, हा समज चुकीचा आहे. काडतुसाच्या रायफलीचा धक्का एकाच दिशेने, मागे, बसतो. स्प्रिंगच्या एअर रायफलीत दट्ट्या पुढे झेपावताना शस्त्र मागे जाते आणि दट्ट्या नळकांड्याच्या टोकाशी थांबताच ते झटक्याने पुढे जाते. मागच्या दिशेचा धक्का सोसण्यासाठी भिंगे घट्ट केलेल्या दुर्बिणीस हा उलटा झटका सहन होत नाही. जालिका तुटते किंवा भिंगे ढिली होतात. त्यामुळे मोठ्या बोअरच्या रायफलीवर वर्षानुवर्षे टिकलेली दुर्बीण स्प्रिंगच्या एअर रायफलीवर अल्पावधीत निकामी होऊ शकते. अशा शस्त्रासाठी ‘एअर रायफलीस योग्य’ असे निर्मात्याने स्पष्ट नमूद केलेली दुर्बीणच घ्यावी. दाबलेल्या हवेच्या टाकीवर चालणाऱ्या एअर रायफलींत हा प्रश्न उद्भवत नाही.

### नेत्रांतर

पूर्ण दृश्य दिसण्यासाठी डोळा नेत्रभिंगापासून जितक्या अंतरावर असावा लागतो त्यास नेत्रांतर म्हणतात. सामान्य दुर्बिणींत ते ७५ ते १०० मिमी असते. जोरदार धक्क्याच्या रायफलीवर नेत्रांतर अपुरे असल्यास नेत्रभिंगाची कड भुवईवर आदळून जखम होते. चष्मा वापरणाऱ्यांस अधिक नेत्रांतराची दुर्बीण सोयीची पडते.

### जालिका

साधी अधिक चिन्हासारखी जालिका शिकाऊ नेमबाजास पुरते. कडेला जाड आणि मध्याशी बारीक होणारी जालिका कमी उजेडात पटकन दिसते. ठिपके किंवा आखणी असलेल्या मिल जालिकेवरून अंतराचा अंदाज करता येतो. वस्तूची मिलिमीटरमधील उंची तिने व्यापलेल्या मिलने भागली असता मीटरमधील अंतर मिळते. ५०० मिमी उंचीची पाटी २.५ मिल व्यापत असेल तर ती २०० मीटरवर असते.

जालिका पहिल्या प्रतलात असल्यास ती विशालनासोबत लहानमोठी होते आणि तिची मापे सर्व विशालनांवर खरी राहतात. दुसऱ्या प्रतलातील जालिका एकाच आकाराची दिसते, परंतु तिची मापे निर्मात्याने सांगितलेल्या एकाच विशालनावर अचूक असतात.

### भिंगे आणि लेप

लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. अशा दहा पृष्ठांतून जाताना जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश वाया जातो. सर्व पृष्ठांवर बहुस्तरीय लेप असल्यास ही हानी फारच कमी होते. दुकानात दुर्बीण पारखताना दूरवरच्या पाटीवरील अक्षरे दृश्याच्या मध्याप्रमाणे कडेलाही स्पष्ट दिसतात का, काळ्या-पांढऱ्या सीमेवर रंगीत झालर येते का आणि फिरक्यांचे टप्पे नेमके जाणवतात का, हे पाहावे. विशालन बदलताना जालिका लक्ष्यावरून सरकत असल्यास ती दुर्बीण घेऊ नये.

मोठ्या वस्तुभिंगासाठी दुर्बीण उंच बसवावी लागते आणि तिचे वजनही वाढते. मर्यादित खर्चात ५० मिमी वस्तुभिंगाच्या हलक्या प्रतीच्या दुर्बिणीपेक्षा ३२ किंवा ४० मिमीची चांगल्या प्रतीची दुर्बीण श्रेयस्कर ठरते.

## बसवणे

### बैठक आणि कडी

दुर्बीण रायफलीस दोन कड्यांनी धरून ठेवतात आणि कडी बैठकीवर बसतात. एअर रायफल व .२२ रायफलींवर बहुधा ११ मिमी रुंदीची, कबुतराच्या शेपटीसारख्या उताराची खाचबैठक असते. अन्य रायफलींवर वीव्हर किंवा पिकाटिनी बैठक आढळते. पिकाटिनी बैठकीच्या खाचा ५.२३ मिमी रुंद आणि एकमेकींपासून १०.०१ मिमी अंतरावर असतात. वीव्हर बैठकीच्या खाचा ४.५७ मिमी रुंद असतात. म्हणून वीव्हरची कडी पिकाटिनीवर सहसा बसतात, उलट मात्र नेहमीच शक्य नसते.

कड्यांचा व्यास दुर्बिणीच्या नळीइतकाच, म्हणजे २५.४, ३० किंवा ३४ मिमी असावा लागतो. कड्यांची उंची वस्तुभिंगाचा घेर नळीस न टेकता २-३ मिमी मोकळा राहील इतकीच ठेवतात. दुर्बीण गरजेपेक्षा उंच बसल्यास गाल दस्त्यावरून उचलावा लागतो आणि प्रत्येक वेळी डोळा वेगळ्या जागी येतो.

### क्रम

१. कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी शस्त्र रिकामे असल्याची खात्री करतात. काडतुसाची पेटी काढून, कक्ष डोळ्याने पाहून आणि बोटाने चाचपून तपासतात. दारूगोळा त्या खोलीत ठेवत नाहीत आणि नळी सदैव सुरक्षित दिशेस ठेवतात.

२. बैठक, कडी आणि स्क्रू यांवरील तेल पुसून काढतात. तेलकट स्क्रू घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण धक्क्याने ढिला होतो.

३. बैठक शस्त्रावर घट्ट करतात. बैठकीच्या स्क्रूंवर पुन्हा उघडता येईल असा सौम्य प्रकारचा स्क्रूरोधक द्रव थेंबभर लावतात.

४. कड्यांचे खालचे भाग बसवून त्यांत दुर्बीण ठेवतात आणि वरचे भाग दुर्बीण सरकू शकेल इतपतच सैल लावतात.

५. नेत्रांतर ठरवतात. विशालन सर्वाधिक ठेवून, डोळे मिटून, रायफल नेहमीच्या स्थितीत खांद्यास लावतात आणि मग डोळे उघडतात. दृश्याभोवती काळी कडा दिसल्यास ती नाहीशी होईपर्यंत दुर्बीण मागेपुढे सरकवतात. निजून, बसून आणि उभे राहून धरताना डोक्याची जागा बदलते, म्हणून ज्या स्थितीत नेमबाजी करायची तीत ही जुळवणी करतात.

६. जालिका उभी करतात. काही अंतरावर गवंड्याचा ओळंबा टांगून, बैठकीवर पाणसळ ठेवून रायफल समपातळीत आणतात आणि जालिकेची उभी रेषा ओळंब्याच्या दोरीशी जुळवतात. जालिका कलती असल्यास जवळच्या अंतरावर काही जाणवत नाही. दूरवर मात्र दोष उघड होतो. गोळी नळीच्या रेषेपासून ५०० मिमी खाली येते अशा अंतरावर शस्त्र ५ अंश कलले असेल, तर गोळी सुमारे ४४ मिमी बाजूला जाते.

७. कड्यांचे स्क्रू तिरक्या क्रमाने, थोडे थोडे करून आवळतात. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहिल्या पाहिजेत. वरच्या कड्यांच्या स्क्रूंसाठी सर्वसाधारणपणे १.७ ते २ न्यूटन-मीटर इतका पीळ पुरतो. निर्मात्याने दिलेले मूल्य वेगळे असल्यास तेच पाळतात. पीळमापक पाना न वापरता जोराने आवळल्यास नळी चेपते आणि आतील भिंगे अडकतात.

८. स्प्रिंगच्या एअर रायफलीवर कडी मागे सरकत जातात. ते टाळण्यासाठी बैठकीवरील भोकात बसणारी अडखीळ असलेले मागील कडे किंवा स्वतंत्र रोधक वापरतात.

नेत्रभिंगाची जुळवणी शेवटी करतात. उजळ, कोऱ्या भिंतीकडे दुर्बीण रोखून क्षणभर पाहतात आणि जालिका तत्क्षणी रेखीव दिसेपर्यंत नेत्रभिंग फिरवतात. टक लावून पाहिल्यास डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि जुळवणी चुकते. सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखू नये. दृष्टी कायमची जाऊ शकते.

## शून्य साधणे

दुर्बिणीची लक्ष्यरेषा आणि गोळीचा मार्ग ठरावीक अंतरावर एकत्र आणण्याच्या क्रियेस शून्य साधणे किंवा ‘झिरोइंग’ म्हणतात. दुर्बीण नळीच्या मध्यरेषेपेक्षा साधारण ४ ते ५ सेंमी उंच असते. म्हणून नळी किंचित वर रोखलेली ठेवतात. गोळी लक्ष्यरेषेस एकदा जवळ, चढताना, आणि एकदा दूर, उतरताना छेदते.

हे काम केवळ अधिकृत नेमबाजी केंद्रावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली करायचे असते. आरंभी २५ मीटरवर मोठा कागद लावतात. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून तीन किंवा पाच फैरींचा एक गट झाडतात. एका छिद्रावरून निष्कर्ष न काढता गटाच्या मध्यापासून अंतर मोजतात.

समजा, २५ मीटरवर गटाचा मध्य लक्ष्यबिंदूच्या ६० मिमी खाली आणि २० मिमी उजवीकडे आला. पाव कोनीय मिनिटाच्या दुर्बिणीत एक क्लिक १.८२ मिमी असल्याने वरच्या फिरकीस ‘वर’ या दिशेने ३३ आणि बाजूच्या फिरकीस ‘डावीकडे’ या दिशेने ११ क्लिक द्यावे लागतील. ०.१ मिलच्या दुर्बिणीत हेच आकडे २४ आणि ८ असतील. त्यानंतर दुसरा गट झाडून खात्री करतात आणि मग इच्छित अंतरावर अंतिम जुळवणी करतात.

गट विखुरलेला असल्यास फिरक्या फिरवून उपयोग नसतो. आधी कड्यांचे व बैठकीचे स्क्रू, मग नळीची स्वच्छता, काडतूस किंवा छर्ऱ्याचा प्रकार आणि शेवटी नेमबाजाची पकड तपासावी लागते. काडतूस किंवा छर्रा बदलल्यास शून्य पुन्हा साधावे लागते.

## निगा

### भिंगांची स्वच्छता

भिंगावरील धूळ प्रथम रबरी फुंकणीने उडवतात, नंतर मऊ कुंचल्याने झाडतात. बोटांचे डाग राहिल्यास भिंगासाठीच्या कागदावर किंवा कापडावर स्वच्छता द्रवाचा थेंब घेऊन मध्याकडून कडेकडे हलक्या हाताने पुसतात. द्रव थेट भिंगावर ओतत नाहीत. सदऱ्याच्या टोकाने किंवा रुमालाने कोरडे पुसल्यास धुळीतील कठीण कण लेपावर ओरखडे पाडतात. बंदुकीचे तेल आणि नळी साफ करण्याची रसायने भिंगांपासून दूर ठेवतात; नळी साफ करताना दुर्बिणीवर झाकणे लावलेली असावीत.

### पावसाळा आणि बुरशी

जून ते सप्टेंबर या काळात कोकणपट्टीत हवेतील सापेक्ष आर्द्रता सरासरी ८० टक्क्यांच्या वर राहते. सह्याद्रीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात वसलेल्या बदलापूर-अंबरनाथ परिसरात पावसाचा जोरही मोठा असतो. आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांहून अधिक काळ टिकल्यास भिंगांवर बुरशी वाढू शकते. ती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तंतूंनी दिसू लागते. तिच्यातून स्रवणारी आम्ले लेप आणि पुढे काचही खरवडतात. मग बुरशी काढली तरी खुणा कायम राहतात.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. पावसाळ्यात दुर्बीण फोम लावलेल्या पेटीत किंवा चामड्याच्या पिशवीत ठेवत नाहीत, कारण दोन्ही ओलावा धरून ठेवतात. रबरी कडा असलेला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढी सामग्री पुरते. आर्द्रता ४० ते ५० टक्के राखावी. रंग बदलणारे सिलिका जेल ओलावा भरल्यावर निळ्याचे गुलाबी किंवा केशरीचे हिरवे होते. ते सुमारे ११० ते १२० अंश सेल्सियसवर तापवून पुन्हा वापरता येते. तांदळाच्या डब्यात दुर्बीण ठेवण्याचा घरगुती उपाय मात्र टाळावा. तांदूळ ओलावा फारसा खेचत नाही आणि त्याची पूड फिरक्यांत शिरते.

पावसात भिजलेली दुर्बीण आधी बाहेरून पुसून, झाकणे उघडी ठेवून, पंख्याखाली वाळवतात आणि मगच डब्यात ठेवतात. कडक उन्हात किंवा शेगडीजवळ वाळवू नये. वातानुकूलित खोलीतून दमट हवेत आणताच भिंगावर बाहेरून बाष्प धरते. ते काही मिनिटांत आपोआप जाते. धुके आतल्या बाजूस धरत असेल तर रबरी कडी निकामी होऊन नायट्रोजन निघून गेलेला असतो. अशी दुर्बीण घरी उघडू नये. तिच्यात पुन्हा वायू भरण्याची सोय असलेल्या निर्मात्याच्या सेवा केंद्रातच ती दुरुस्त होते.

### नियमित तपासणी

प्रत्येक हंगामाच्या आरंभी स्क्रूंचा पीळ तपासतात. कड्यालगत नळीवर पेन्सिलीने बारीक रेघ ओढून ठेवल्यास दुर्बीण सरकली की लगेच लक्षात येते. प्रकाशित जालिका असलेल्या दुर्बिणीतील बॅटरी दीर्घकाळ वापर नसल्यास काढून ठेवतात. फिरक्यांवर शून्य साधलेला आकडा वहीत नोंदवून ठेवणे उपयुक्त असते.

## क्रीडा नेमबाजीतील स्थान

रायफल नेमबाजी म्हटले की दुर्बीण डोळ्यांसमोर येते. ऑलिंपिकमधील रायफल प्रकारांत मात्र रायफलीवर दुर्बीण लावण्यास मनाई आहे. तेथे मागे बारीक भोक असलेली चकती आणि पुढे वर्तुळाकार माशी अशी भिंगविरहित दृष्टिसाधने वापरतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात मिळवलेले विश्वविजेतेपद आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात मिळवलेले कांस्यपदक, दोन्ही अशाच साधनांनी साध्य झाले. अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांनी अनुक्रमे २००० आणि २००४ च्या ऑलिंपिकमध्ये गाठलेल्या १० मीटर एअर रायफलच्या अंतिम फेऱ्याही दुर्बिणीविनाच होत्या.

अपवाद आहे तो हलत्या लक्ष्याच्या प्रकाराचा. १९९२ ते २००४ या काळात ऑलिंपिकमध्ये असलेल्या १० मीटर हलते लक्ष्य या प्रकारात दुर्बीण वापरतात. याशिवाय टेकूवरून करावयाची बेंचरेस्ट नेमबाजी, दूर पल्ल्याची एफ-क्लास आणि एअर रायफलीची फील्ड टार्गेट स्पर्धा हे दुर्बिणीचे मुख्य क्रीडाक्षेत्र होय. त्यामुळे ऑलिंपिक प्रकारांत उतरू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने दुर्बिणीवर खर्च करण्यापूर्वी प्रशिक्षकाचा सल्ला घेणे हिताचे ठरते.

## भारतातील निर्मिती आणि लष्करी वापर

शिलाहारकालीन शिवमंदिरामुळे प्रसिद्ध असलेले अंबरनाथ आयुधनिर्माणीचे गाव म्हणूनही ओळखले जाते. २०२१ मध्ये आयुधनिर्माणी मंडळाचे सात सरकारी कंपन्यांत रूपांतर झाल्यावर येथील आयुधनिर्माणी यंत्र इंडिया लिमिटेडकडे, तर मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आर्मर्ड व्हेईकल्स निगमकडे गेली. प्रकाशीय उपकरणांचे काम देहरादून येथील कारखान्यांकडे असून ते इंडिया ऑप्टेल लिमिटेड या कंपनीत समाविष्ट झाले. भारतीय लष्करात दीर्घकाळ वापरात असलेल्या ड्रॅगुनोव्ह रायफलीवर ४ पट विशालनाची आणि २४ मिमी वस्तुभिंगाची पीएसओ-१ दुर्बीण असते.

## कायदा आणि सुरक्षितता

भारतात शस्त्र बाळगणे आणि वापरणे यांचे नियमन शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार होते. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येतात. शस्त्र किंवा त्यावरील साधन घेण्यापूर्वी परवाना अधिकाऱ्याकडून नियमांची खात्री करून घेणे आवश्यक असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्यप्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. परदेशी निर्मात्यांच्या जाहिरातींत दिसणारा शिकारीचा उपयोग भारतातील खासगी नेमबाजास लागू होत नाही.

रायफलीवरील दुर्बिणीचा उपयोग परिसर न्याहाळण्यासाठी करणे ही गंभीर चूक समजली जाते. दुर्बीण जिकडे वळते तिकडे नळीही वळते. कोण आले आहे हे तिच्यातून पाहणे म्हणजे त्या व्यक्तीवर बंदूक रोखणे होय. निरीक्षणासाठी वेगळी द्विनेत्री दुर्बीण किंवा तिकाटण्यावरील निरीक्षण दुर्बीण वापरावी, हा नियम सर्व नेमबाजी केंद्रांवर प्रथम शिकवला जातो. दुर्बिणीत दृष्टिक्षेत्र अरुंद असल्याने लक्ष्याच्या आजूबाजूचे आणि मागचे दिसत नाही. म्हणून चापावर बोट नेण्यापूर्वी दुर्बिणीबाहेरील डोळ्याने गोळीच्या मार्गाची खात्री करणे हे नेमबाजाचे कर्तव्य मानले जाते.

## हे सुद्धा पहा

- नेमबाजी
- दुर्बीण
- भिंग
- एअर रायफल
- अंबरनाथ